लिनक्सचा लॅपटॉप हँग होतो, म्हणजे नेमके काय थांबते?

तासगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वापरलेला लॅपटॉप घेतला. ८ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क), दोन ग्राफिक्स चिप, त्यावर उबुंटू २४.०४. दिवसातून दोन-तीनदा तो हँग होतो आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ऑनलाइन तास चालू असताना, ब्राउझरमध्ये पंचवीस-तीस टॅब आणि शेजारी गुणपत्रकाची शीट उघडी असताना माउस आधी धक्के खात चालतो आणि मग थांबतो. कधी यंत्र टेबलावर तसेच चालू ठेवून त्या चहाला जातात आणि पंधरा मिनिटांनी परत येतात तो स्क्रीनवरचे घड्याळ बारा मिनिटे मागे अडकलेले असते. एकदा तर चित्र जागच्या जागी थिजले, पण चालू असलेले व्याख्यान ऐकू येत राहिले. इंटरनेटवर वाचून त्यांनी बूटच्या ओळीत पाच पर्याय घातले, उपयोग झाला नाही. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदींतही, काही सापडले नाही. दुरुस्तीवाल्याने ‘विंडोज टाका’ असे सांगितले. आता रॅम वाढवावी, लिनक्सची दुसरी आवृत्ती घ्यावी की लॅपटॉपच विकून टाकावा, असे त्यांचे विचारणे आहे.

मॅडम, आपण तीन प्रसंगांचे वर्णन इतके नेमके केले आहे की निम्मे निदान आपणच करून ठेवले आहे. फक्त त्या तिन्हींना आपण एकच नाव दिले आणि मग त्या एका नावावर औषध शोधत राहिलात. माझ्या वाचनाप्रमाणे हे तीन वेगळे बिघाड आहेत: पहिल्यात मेमरी संपते, दुसऱ्यात बहुधा वीज वाचवण्याच्या व्यवस्थेमुळे प्रोसेसर किंवा एसएसडी झोपेतून परत येत नाही, आणि तिसऱ्यात केवळ चित्र दाखवणारा भाग अडकतो. रॅम वाढवल्याने पहिला नक्की कमी होईल, दुसऱ्याला आणि तिसऱ्याला त्याचे काहीही वाटणार नाही. आणि मग ‘रॅम टाकूनही फरक पडला नाही’ असे म्हणून आपण लॅपटॉप विकाल. सांगलीत दुरुस्तीच्या टेबलावर बसून मी असे लॅपटॉप कित्येकदा अर्ध्या किमतीत विकले जाताना पाहिले आहेत.

सर्वांत आधी ते पाच पर्याय काढून टाका. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ (ग्रब म्हणजे यंत्र सुरू होताना लिनक्सला उठवणारा प्रोग्रॅम) या फाइलमधील कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ओळीत मूळचे ‘क्वाएट स्प्लॅश’ एवढेच ठेवून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. (आज्ञा मी येथे देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा देण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतच टंकायच्या आहेत.) यापुढे कोणताही पर्याय तपासायचा असेल तर तो फाइलमध्ये न लिहिता, बूट होताना ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून त्या ओळीच्या शेवटी जोडा आणि ‘एफ१०’ने पुढे जा. असा पर्याय त्या एका बूटपुरताच टिकतो. एका वेळी एकच पर्याय, आणि त्यावर किमान दोन-तीन दिवस नेहमीचे काम, हा नियम कंटाळवाणा असला तरी मोडू नये. पाच गोष्टी एकदम बदलल्यावर यंत्र सुधारले तरी कशामुळे सुधारले ते कळत नाही, आणि त्यांतला एखादा पर्याय बॅटरी अकारण खात राहतो.

आता पुढच्या वेळी लॅपटॉप हँग झाला की पॉवरच्या बटणाकडे हात नेण्यापूर्वी दोन मिनिटे थांबा आणि आत कोण जिवंत आहे ते पाहा. बहुतेक जण कॅप्स लॉकचा दिवा लागतो का ते पाहतात. ही खूण अर्धवट आहे. ग्राफिकल सत्रात तो दिवा कर्नल स्वतः लावत नाही, पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम त्याला लावायला सांगतो. त्यामुळे दिवा लागला तर यंत्र जिवंत आहे हे निश्चित, पण लागला नाही म्हणून ते मेले असे म्हणता येत नाही. तो दिवा आपोआप लुकलुकत असेल तर मात्र कर्नलने हात टेकले आहेत, म्हणजे ‘कर्नल पॅनिक’ झाला आहे, असे समजावे. त्यानंतर ‘कंट्रोल-ऑल्ट-एफ३’ दाबून काळा मजकुरी पडदा येतो का ते पाहा. तोही आला नाही तर मोबाइलवरून लॅपटॉपशी जोडणी करून पाहा. त्यासाठी दुसऱ्या यंत्रावरून लॉग-इन करू देणारे ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ हे पॅकेज आजच घालून ठेवा, लॅपटॉपचा आयपी पत्ता वहीत लिहून ठेवा आणि मोबाइलमध्ये एखादे टर्मिनल ॲप घ्या. पडदा थिजलेला असताना मोबाइलवरून लॉग-इन होत असेल, तर कर्नल, डिस्क, नेटवर्क सगळे शाबूत आहे आणि भांडण फक्त ग्राफिक्सशी आहे, हे एका मिनिटात सिद्ध होते.

हे सगळे निरुत्तर असेल तेव्हा ‘सिसआरक्यू’ची कळ वापरावी. लॅपटॉपवर ती बहुधा ‘प्रिंट स्क्रीन’च्या कळीवर असते आणि काही कीबोर्डवर सोबत ‘एफएन’ही दाबावे लागते. ‘ऑल्ट’ धरून ही कळ आणि त्यासोबत एक अक्षर दाबले की तो आदेश थेट कर्नलकडे जातो, मधल्या कोणत्याही प्रोग्रॅमला विचारले जात नाही. उबुंटूत याची मूळ मर्यादा १७६ या आकड्याने ठरवलेली असते. म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज, ज्यात रीबूट, डिस्क केवळ-वाचनीय करणे आणि डिस्कवर लिहून टाकणे एवढीच परवानगी आहे. त्यामुळे ‘एस’, ‘यू’, ‘बी’ ही तीन अक्षरे दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबली तर यंत्र बऱ्यापैकी सभ्यपणे पुन्हा सुरू होते. ‘कर्नल.सिसआरक्यू’चे मूल्य २४४ केले तर ‘एफ’ अक्षरही चालते, आणि त्याचा उपयोग पुढे मेमरीच्या भागात सांगतो. या तीन अक्षरांनी यंत्र रीबूट झाले, तर कर्नलचा किमान एक भाग जागा होता. तेही झाले नाही तर यंत्र खरोखर ठार थांबले होते, आणि मग संशय प्रोसेसरची झोप, रॅम किंवा मदरबोर्ड यांच्याकडे वळतो.

‘एस’ दाबण्याचा आणखी एक लाभ आहे. हँग झाल्यानंतरच्या बूटमध्ये आपण ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ या आज्ञेने मागच्या बूटच्या शेवटच्या नोंदी वाचतो. परंतु नोंदी ठेवणारी सेवा साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करण्याची सक्ती मूळ रचनेप्रमाणे ५ मिनिटांनीच करते, फक्त अतिगंभीर नोंदी लगेच पक्क्या होतात. बटण दाबून वीज तोडली की ज्या ओळीत कारण लिहिलेले असते तीच ओळ डिस्कवर पोहोचलेली नसते. ‘लॉगमध्ये काहीच सापडले नाही’ असे आपण लिहिले आहे, ते म्हणूनच मी फारसे मनावर घेतलेले नाही. उलट जी शेवटची ओळ सापडते, ती बहुधा ब्लूटूथची किंवा प्रिंटरची एखादी निरुपद्रवी तक्रार असते, आणि लोक आठवडाभर त्या बिचाऱ्या ब्लूटूथच्या मागे लागतात.

आता पहिला प्रसंग. धक्के खाणारा माउस ही मेमरी संपत आल्याची खूण आहे. ‘मेमरी संपली तर लिनक्स एखादा प्रोग्रॅम बंद का करत नाही?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. कर्नलकडे तशी व्यवस्था आहे, पण मेमरीचा एकही तुकडा मोकळा करता येत नाही अशी खात्री झाल्यावरच ती हलते. प्रत्यक्षात तुकडे मोकळे होत राहतात, कारण चालू असलेल्या प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड डिस्कवरच्या फाइलमध्ये असतोच; तो मेमरीतून टाकून दिला तरी पुन्हा वाचता येतो. मग ब्राउझरचा कोड टाकून द्यायचा, पुढच्याच क्षणी ब्राउझरला तोच हवा म्हणून डिस्कवरून वाचायचा, त्यासाठी शीटचा कोड टाकायचा, असा खेळ सुरू होतो. कर्नलच्या दृष्टीने काम चाललेले असते, आपल्या दृष्टीने लॅपटॉप मेलेला असतो. स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, पूर्ण बंद केल्याने हे थांबते, हा समजही चुकीचा आहे. स्वॅप नसेल तर टाकून देण्यासारखा कोडच तेवढा उरतो, आणि खेळ जास्त लवकर सुरू होतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर तास सुरू होण्यापूर्वी एका टर्मिनलमध्ये ‘वॉच कॅट /प्रॉक/प्रेशर/मेमरी’ चालवून कोपऱ्यात ठेवा. कर्नल ४.२० पासून मिळणाऱ्या या मापात ‘सम’ आणि ‘फुल’ अशा दोन ओळी असतात, आणि ‘एव्हीजी१०’ म्हणजे गेल्या १० सेकंदांतील टक्केवारी. ‘सम’ म्हणजे किमान एक काम मेमरीसाठी ताटकळले तो वेळ, ‘फुल’ म्हणजे करण्यासारखी सगळीच कामे एकाच वेळी ताटकळली तो वेळ. यंत्र निवांत असताना दोन्ही शून्य असतात. टॅब उघडत जाल तसा ‘सम’ हलू लागेल. ‘फुल’चा आकडा दोन अंकी होऊन तसाच राहू लागला की माउस धक्के खाणार, हे आपल्याला त्याच्याही आधी कळेल.

उपाय तीन आहेत आणि माझा क्रम असा आहे. प्रथम ‘झेडरॅम’ सुरू करावा. त्यामुळे न लागणारी पाने, म्हणजे मेमरीचे तुकडे, डिस्कवर जाण्याऐवजी रॅममध्येच दाबून ठेवली जातात, आणि ८ जीबीच्या यंत्रावर हा फरक लगेच जाणवतो. दुसरे, वेळीच एखादा प्रोग्रॅम बंद करणारा पहारेकरी ठेवावा. उबुंटू डेस्कटॉपमध्ये २२.०४ पासून ‘सिस्टिमडी-ऊमडी’ असतोच, परंतु तो प्रोग्रॅमचा अख्खा गट बंद करतो, म्हणजे एका टॅबच्या पापासाठी संपूर्ण ब्राउझर जातो, तोही तास चालू असताना. मला ‘अर्लीऊम’ अधिक समजूतदार वाटतो: उपलब्ध मेमरी आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तो सर्वांत जड प्रक्रियेला थांबायला सांगतो, आणि कोणाला आधी हात लावायचा, कोणाला लावायचा नाही, हे त्याला सांगून ठेवता येते. दोघे एकत्र ठेवू नयेत. एक सुरू करताना दुसरा बंद करावा. तिसरे म्हणजे रॅम १६ जीबी करणे, आणि दुसरा स्लॉट मोकळा असेल तर आपल्या कामासाठी तो खर्च योग्यच आहे. तोपर्यंत यंत्र अडकलेच तर ‘ऑल्ट-सिसआरक्यू-एफ’ एकदा दाबा. कर्नल त्याच क्षणी सर्वांत जड प्रक्रिया मारतो, आणि अर्ध्या मिनिटात गुणपत्रक जतन करण्याइतके यंत्र हाताशी येते.

पेनड्राइव्हवर मोठा व्हिडिओ टाकताना होणारा हँग याच्यासारखाच दिसतो, पण तेथे मेमरी संपलेली नसते. लिहायचा मजकूर रॅममध्ये साचतो आणि संथ पेनड्राइव्ह तो घोट-घोट पितो. असा मजकूर किती साचू द्यायचा हे ठरवणाऱ्या ‘व्हीएम.डर्टी_बाइट्स’ला काही कोटी बाइटांची मर्यादा घातली की तो त्रास जातो.

दुसरा प्रसंग सर्वांत अवघड आहे, पण आपण घड्याळाचा जो तपशील दिला आहे तो मोलाचा आहे. उबुंटूत मूळ मांडणीप्रमाणे ५ मिनिटे हात लागला नाही की पडदा काळा होतो. आपला पडदा उजळलेला होता आणि घड्याळ बारा मिनिटे मागे होते, म्हणजे आपण उठल्यावर साधारण तिसऱ्या मिनिटाला यंत्र थांबले. सस्पेंडमधून, म्हणजे संपूर्ण यंत्राच्या झोपेतून, न उठण्याचा प्रकार येथे संभवत नाही, कारण तोवर सस्पेंडची वेळच आलेली नव्हती. कामाचा भारही नव्हता. रिकामे बसल्यावर यंत्र थांबते, तेव्हा झोपेच्या पायऱ्यांवर संशय घ्यावा. प्रोसेसर रिकामा असताना ‘सी-स्टेट’ नावाच्या अधिकाधिक खोल पायऱ्या उतरतो, आणि एसएसडीही स्वतःहून कमी विजेच्या अवस्थेत जाते. एनव्हीएमईसाठीची ही सोय कर्नलमध्ये ४.११ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. यांपैकी कोणी खालच्या पायरीवरून वर आले नाही, की यंत्र थांबते. इंटेलच्या बे ट्रेल पिढीतील स्वस्त प्रोसेसरांचे असे थांबणे लिनक्सच्या जगात वर्षानुवर्षे गाजले होते, आणि त्या पिढीचे लॅपटॉप आजही वापरलेल्या यंत्रांच्या बाजारात मिळतात, म्हणून आपला प्रोसेसर कोणता हे ‘एलएससीपीयू’ने पाहून ठेवावे.

प्रोसेसर की एसएसडी, हे वेगळे करण्यासाठी एक साधी युक्ती आहे. दोन दिवस पडदा काळा होणे आणि लॉक होणे बंद ठेवा, आणि कर्नलच्या ताज्या नोंदी दाखवणारी ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ ही आज्ञा चालवलेली एक खिडकी उघडी ठेवून चहाला जा. एसएसडी गायब झाली तर नोंद डिस्कवर लिहिली जाणेच शक्य नसते, म्हणून नंतर लॉग कोरा दिसतो. पण ही खिडकी आधीच मेमरीत असल्यामुळे तिच्यावर शेवटच्या ओळी बहुधा उमटतात. ‘एनव्हीएमई कंट्रोलर इज डाउन’ अशा अर्थाची ओळ दिसली तर शंका उरत नाही. नव्या कर्नलमध्ये ‘एनव्हीएमई_कोअर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ हा पर्याय वापरून पाहा असे कर्नल स्वतःच त्यासोबत सुचवतो, आणि तोच ग्रबमध्ये तात्पुरता देऊन पाहावा. एसएसडी जाते तेव्हा माउस काही काळ हलतो, उघड्या खिडक्या दिसतात, फक्त नवीन काही उघडत नाही, हीही एक खूण आहे. खिडकीत काहीच न उमटता सगळे एका क्षणी थांबले, तर इंटेल प्रोसेसरवर ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ आणि एएमडीवर ‘आयडल=नोएमवेट’ देऊन तीन दिवस पाहा. पहिल्या पर्यायाने बॅटरी लवकर उतरेल आणि यंत्र कोमट राहील, म्हणून तो निदानापुरता ठेवा; लागू पडलाच तर १ च्या जागी २, ३ असे वाढवत जेथपर्यंत निभावते तेथे थांबा. त्याआधी बायोस (यंत्र सुरू करणारा, बोर्डातच बसवलेला प्रोग्रॅम) आणि एसएसडीचे फर्मवेअर (तिच्या आत बसवलेला प्रोग्रॅम) अद्ययावत करून घेतलेले बरे, कारण असे कित्येक दोष निर्मात्यांनी तेथेच दुरुस्त केलेले असतात. ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स’ने आपल्या यंत्रासाठी काही उपलब्ध आहे का ते दिसेल. हे काम चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच करावे. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही.

तिसऱ्या प्रसंगावर फार लिहीत नाही. आवाज चालू आणि चित्र थांबलेले, म्हणजे ग्राफिक्स. पडदा स्वतःचे चित्र स्वतः धरून ठेवतो आणि चिप झोपते, अशी ‘पीएसआर’ नावाची बचत असते. इंटेल ग्राफिक्सवर ‘आय९१५.इनेबल_पीएसआर=०’ देऊन ती बंद करता येते. नोंदींत ‘जीपीयू हँग’, ‘रिंग टाइमआउट’ किंवा ‘एक्सआयडी’ हे शब्द आहेत का ते पाहा. हा प्रकार एकदाच घडला असल्याने पुन्हा घडेपर्यंत काहीही बदलू नका. घडल्यास मोबाइलवरून लॉग-इन करून ‘डीमेसेज’च्या शेवटच्या पन्नास ओळी एका फाइलमध्ये जतन करा. दुसरी, वेगळी चिप आपल्याला गणिताच्या तासाला लागत नाही. ती एनव्हिडियाची असल्यास ‘प्राइम-सिलेक्ट इंटेल’ अशा आज्ञेने ती बाजूला ठेवून महिनाभर काम करून पाहणे सर्वांत स्वस्त आहे.

उष्णतेचा उल्लेख आपण केला नाही, तरी मी विचारतो, कारण एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या घरात असतो. गरम प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि मग यंत्र बंद पडते. एकदम गोठण्याचे कारण उष्णता क्वचितच असते. तरीही ‘सेन्सर्स’ने तापमान पाहून घ्यावे. सांगलीच्या हळदीच्या पेठेतून आलेला एक लॅपटॉप मी उघडला तेव्हा पंखा आणि जाळी यांच्यामध्ये बोटभर जाडीचा पिवळाधमक बोळा बसला होता, आणि मालक दोन वर्षे ‘लिनक्स जड झाले’ म्हणून आवृत्त्या बदलत होते.

दुसऱ्या प्रकारावर वरील कशाचाही परिणाम झाला नाही, तर शेवटी रॅम उरते. रॅम तपासणाऱ्या ‘मेमटेस्ट८६ प्लस’ची ६ किंवा पुढची आवृत्ती यूईएफआयवरही, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसवरही, चालते, ती रात्रभर चालू ठेवा. मात्र तिच्या ‘पास’वरही आंधळा विश्वास ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरानंतर माझ्याकडे एक लॅपटॉप आला होता. पाणी खालच्या मजल्यावर होते, लॅपटॉप वरच्या मजल्यावर कोरडा राहिला होता, पण कित्येक दिवस बंद खोलीतल्या ओलीत होता. रात्रभर चाचणी निर्दोष. सकाळी तो एका हाताने उचलून शेजारच्या टेबलावर ठेवताना पडद्यावर तांबड्या ओळी धावल्या. रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर धरला होता. चार्जर काढून, शक्य तेथे बॅटरीचा जोड सोडून, पांढऱ्या खोडरबराने ते दात हलकेच पुसले, चुरा कोरड्या ब्रशने झटकला आणि पट्टी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवली. आपणही चाचणी चालू असताना कीबोर्डच्या उजव्या-डाव्या बाजूंना तळव्याने हलके दाबून पाहा, आणि चुका दिसल्या तर हेच करा. मागचे झाकण उघडताना स्क्रू ज्या जागेवरून निघाले त्याच मांडणीत कागदावर चिकटवून ठेवा; त्यांतले एक-दोन बहुधा लांबीला वेगळे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो आतल्या बोर्डावर टेकतो.